दुसरी खूण

"तिकिटं काढलीच आहेत म्हणून येते, नाहीतर माझं काही तिथे अडलेलं नाही," असं टेलरबाई घरातून निघेपर्यंत तीनदा म्हणाल्या. पहिल्यांदा मुलाने ऐकून सोडून दिलं, दुसऱ्यांदा नातीचं लक्षच नव्हतं, आणि तिसऱ्यांदा सुनेने ओळखलं की सासूबाईंचं तिथे चांगलंच काहीतरी अडलेलं आहे. सून सरकारी दवाखान्यात नर्स. 'मला कुठे काय होतंय' म्हणणारी माणसं दिवसभर तपासून तिला तेवढं कळायला लागलं होतं.

घड्याळाचा मनोरा घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. चाळीस वर्षं त्याला कुलूप होतं आणि आत कबुतरांचा संसार होता. मग एकाएकी कुणाला तरी तो ऐतिहासिक असल्याचा साक्षात्कार झाला. दोन वर्षं परांच्या चढल्या-उतरल्या, घड्याळ सुरू झालं, आणि गेल्या महिन्यात तिकीटखिडकी, गाईड आणि गार पाण्याचं यंत्र अशा इतमामात मनोरा लोकांसाठी उघडला. सगळी वस्ती जाऊन फोटो काढून आली. टेलरबाई गेल्या नाहीत. त्यांच्या दुकानाच्या खिडकीतून मनोऱ्याची एक तबकडी समोर दिसते, पण त्यांनी शिलाई मशीन पहिल्या दिवसापासून खिडकीकडे पाठ करून ठेवलेलं. "पाठीमागून उजेड आला की टाका स्वच्छ दिसतो," असं त्या गिऱ्हाइकांना सांगत. हे धादांत खोटं होतं. पाठीमागून उजेड आला की आपलीच सावली टाक्यावर पडते, हे काल शिकायला लागलेली मुलगीही सांगेल.

खरं कारण असं की त्या घड्याळाला चावी देण्याचं काम त्यांच्या वडिलांकडे होतं. बावीस वर्षं. आठवड्यातून दोनदा वजनं वर ओढायची, चाकांना तेल द्यायचं, वेळ लावायची. नऊ वर्षांची टेलरबाई त्यांचा डबा घेऊन जायची, पण पोरांना वर सोडायचं नाही असा नियम होता आणि वडील नियमाचे पक्के. ते खाली उतरून पहिल्या पायरीवर बसत, जेवत, आणि जेवता जेवता वरचं सगळं सांगत. पायऱ्या एकशे बारा. एकोणसत्तराव्या पायरीचा कोपरा फुटका, तिथे डावा पाय टाकायचा नाही. लंबक माणसाच्या छातीएवढा उंच. मनोऱ्यात कधीही पाऊल न टाकता टेलरबाईंना तो स्वतःच्या दुकानासारखा पाठ होता.

आणि त्याच पहिल्या पायरीवर, नोकरी गेली त्या दिवशी, वडिलांनी त्यांना चार मिनिटांची गोष्ट सांगितली होती.

वस्तीतली निम्मी माणसं तेव्हा नदीपलीकडच्या कारखान्यात जायची. सकाळी सातला गेट बंद. एक मिनिट उशीर झाला तरी अर्धा दिवस बुडाला. माणसं पावणेसातचा ठोका ऐकून घराबाहेर पडायची आणि पूल ओलांडून गेटपर्यंत पोहोचायला लागायची अठरा मिनिटं. म्हणजे तीन मिनिटांसाठी रोज कुणीतरी गेटबाहेर. लवकर निघा म्हणून सांगून काही उपयोग नव्हता. घरचं सगळं उरकून निघणाऱ्या बायकांनी लवकर निघायचं म्हणजे कधी निघायचं? वडिलांची स्वतःची बहीण एका महिन्यात पाच वेळा परत आली, तेव्हा त्यांनी माणसांना सांगायचं सोडून दिलं आणि घड्याळालाच चार मिनिटं पुढे नेलं. कुणाला अवाक्षर बोलले नाहीत. कारण कळलं असतं तर माणसं पुन्हा चार मिनिटं रेंगाळली असती.

सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. सकाळी सगळे वेळेवर. संध्याकाळी मात्र मनोऱ्याचे सहा वाजून गेले तरी कारखान्याचा भोंगा होईना, तेव्हा लोक मालकाच्या नावाने बोटं मोडत की हा आपल्याला रोज चार मिनिटं फुकट राबवतो. शेवटी पाच जण तावातावाने तक्रार घेऊन गेले. मालकाने चौकशी लावली आणि मनोऱ्याचं घड्याळ पुढे असल्याचं निघालं. आता वडिलांनी 'मी मुद्दाम केलं' म्हटलं असतं, तर त्या पाच जणांचं आणि त्यांचं संगनमत होतं असं ठरून पाचही घरी बसले असते. म्हणून वडिलांनी लिहून दिलं, चुकून झालं. सही केली आणि नोकरी गेली.

त्या दिवसापासून वस्तीत त्यांचं नाव पडलं 'चारमिनिट'. शाळेत पोरं टेलरबाईंना चारमिनिटाची पोर म्हणून हाका मारायची. ज्यांचे अर्धे दिवस वाचले त्यांच्याच घरची पोरं! आई तर शेवटपर्यंत म्हणत राहिली, "अगं, तुझं मन राखायला सांगितली असेल त्यांनी ती गोष्ट. झाली चूक, झाली. माणूसच ना ते."

वडिलांनी पुरावा म्हणून एकच गोष्ट सांगितली होती. वर उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे काटे दिसत नाहीत, म्हणून आत एक हाताएवढी पितळी तबकडी असते. ती फिरते. तिच्या वर लोखंडी सांगाड्यावर एक खूण असते, त्या खुणेशी मिनिटाची रेघ जुळवली की बाहेर बरोबर वेळ लागते. "मी शेजारी दुसरी खूण केलीय," वडील म्हणाले होते. "कानशीने. चार रेघा सोडून. एक खूण सरकारची, एक आपली."

ती खूण तिथे असेल तर वडील खरे. नसेल तर आई खरी. चाळीस वर्षं मनोऱ्याला कुलूप होतं तोवर टेलरबाईंना ते कुलूप बरं वाटायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वडील जाऊनही तीस वर्षं झाली होती, आणि त्यांच्याबद्दलचा विश्वास तपासून बघण्याची वेळ येऊ नये एवढंच त्यांना वाटत होतं. पण गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं आणि जाता जाता म्हणालं, "तुमच्या वडिलांबद्दल फलक लागलाय हो वर. वाचलात का?" टेलरबाईंना अर्धा मिनिट बरं वाटलं. मग त्याने फलकावर काय आहे ते सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला तिकिटं काढायला लावली.

गुडघ्यांनी तिसाव्या पायरीवर कुरकुर सुरू केली. मुलगा मागून येत होता, फ्रीज उचलताना धरतो तसे दोन्ही हात पुढे धरून, आई पडली तर झेलायला. फ्रीज दुरुस्त करणारा हा माणूस कुणाशी वाकडा शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कळत असूनही 'असेल, असेल' म्हणायचा.

"आजी, डावा पाय," नात वरून ओरडली. "ही बघ, तू म्हणालीस तीच फुटकी पायरी!"

"अगं, मग खोटं सांगते की काय मी?" टेलरबाई म्हणाल्या. पण पायरी खरोखरच फुटकी होती हे बघून त्यांना एवढा आधार वाटला की त्या क्षणभर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वडिलांचं एक सांगणं तरी खरं निघालं होतं.

यंत्राच्या खोलीत बारा-पंधरा माणसं दाटीवाटीने उभी होती. खोली ती केवढी, पण गाईडने गळ्यात माईक आणि कमरेला स्पीकर लावला होता. मधोमध दोरीच्या पलीकडे यंत्र. चाकं घासूनपुसून लख्ख, आणि लोखंडी सांगाड्याला वरपासून खालपर्यंत हिरव्या रंगाचा जाड थर. एवढ्या रंगाखाली कानशीची रेघ कुठे दिसणार, असं टेलरबाईंना वाटलं.

भिंतीवर फलक होता. नातीने मोठ्याने वाचला, शाळेत वाचतात तसा. "घड्याळाची देखभाल करणाऱ्या तत्कालीन कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे हे घड्याळ सहा वर्षे चार मिनिटे पुढे चालत होते. चौकशीत त्याने आपली चूक कबूल केली."

"आणि ही ती प्रसिद्ध तबकडी," गाईड म्हणाला. "वर लाल रंगाने रंगवलीय ती खूण. तिच्याशी मिनिट जुळवायचं, की झालं. लहान मूलही करेल. पण आपले साहेब बहुतेक वेळ लावताना डुलक्या काढायचे!"

लोक हसले. नातही हसली. तिला कुठे माहीत होतं की ते तिचे पणजोबा? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण टेलरबाईंनी घरात हा विषय कधी निघूच दिला नव्हता. आपल्याच नातीला आपल्या बापावर हसताना बघितलं, आणि इतकी वर्षं मूग गिळून बसल्याची त्यांना सणसणीत लाज वाटली.

त्यांनी दोरी उचलली आणि खालून पलीकडे गेल्या.

"अहो आजी! आत जायचं नाही! आजी!" गाईड माईकवरूनच ओरडला, त्यामुळे ते सगळ्या मनोऱ्यात घुमलं.

"ऐकू येतंय मला," टेलरबाई म्हणाल्या. "बहिरी नाहीये मी."

त्यांनी लाल खुणेच्या डावीकडे बोट फिरवलं. पन्नास वर्षं कापडाच्या आतली शिवण नुसत्या बोटाने शोधणारं ते बोट. रंग गुळगुळीत होता. पुन्हा फिरवलं, हळू. काही नाही. आईचा आवाज कानात आला, मन राखायला सांगितली असेल गं. त्यांचे डोळे भरून आले आणि हात मागे येऊ लागला. पण वडिलांनी डावीकडे म्हटलं होतं की उजवीकडे? त्यांनी बाजू सांगितलीच नव्हती. टेलरबाईंनी बोट उजवीकडे नेलं.

तिथे रंग अगदी किंचित आत दबला होता.

त्यांनी पर्समधून धागे कापायची छोटी कात्री काढली आणि टोकाने रंग खरवडायला लागल्या. गाईडने आता माईक सोडून हात जोडले. "आजी, माझी नोकरी जाईल हो."

"या खोलीत आणखी एकाची गेलीय," टेलरबाई म्हणाल्या आणि खरवडत राहिल्या. हिरव्या रंगाचे पापुद्रे खाली पडले. खालून लोखंड दिसलं, आणि लोखंडात एक सरळ, बारीक, खोल रेघ.

नात दोरीखालून कधी आली ते कुणाला कळलं नाही. तिने तबकडीवर बोट ठेवून लाल खुणेपासून मिनिटं मोजली. "एक, दोन, तीन, चार. आजी, बरोब्बर चार!"

"ही वडिलांनी केलेली खूण आहे," टेलरबाई खोलीतल्या सगळ्यांना म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी. तुमच्या फलकावर हलगर्जी म्हणून ज्यांना टांगलंय त्यांनी." आणि त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. पूल, अठरा मिनिटं, परत आलेली आत्या, ते पाच जण. लंबक त्यांच्या शेजारी टकटक करत होता आणि कुणीही फोटो काढत नव्हतं.

"झिजलं असेल हो ते," गाईड शेवटी म्हणाला. "जुनं लोखंड आहे."

तेव्हा मुलगा पुढे आला. दोरीपाशी क्षणभर घुटमळला, मग तोही खालून आत शिरला. वाकून त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. "झीज अशी होत नाही," तो म्हणाला. "कानशीची आहे ही. तिकोनी कानशीची. एकाच बाजूने ओढलीय, माणूस उजखुरा होता." लोखंडाच्या बाबतीत मात्र त्याला 'असेल, असेल' म्हणता येत नव्हतं. एवढं बोलून तो घामाघूम झाला.

खालच्या मजल्यावर व्यवस्थापकांचं ऑफिस होतं. गाईडने टेलरबाई, मुलगा, सून, नात अशी सगळी वरात तिथे नेली. व्यवस्थापक चष्मा लावणारे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी टेलरबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नुकसान झाल्यावर भरायचा एक छापील कागद समोर ठेवला.

"हे बघा काकू," ते म्हणाले, "तुमचं वय बघता मला काही वाढवायचं नाही. इथे लिहा, तोल गेला, चुकून हात लागून रंग निघाला. सही करा आणि सुखाने घरी जा. दुपारी माझा माणूस तेवढ्यावर रंग मारून टाकेल."

"आणि असं नाही लिहिलं तर?"

"मग जाणूनबुजून केलेलं नुकसान होतं. वर्षभर तुम्हाला प्रवेश बंद. शिवाय मला वरच्या ऑफिसला कळवावं लागतं, तिथून माणूस येऊन पाहणी करेपर्यंत मला तिथे हातही लावता येत नाही. कशाला उगाच झंझट?"

"लिही ना आई," मुलगा हळूच म्हणाला. वर केलेल्या पराक्रमाने त्याचं त्या दिवसापुरतं धैर्य संपलं होतं. "चांगलं सांगतायत ते. एक शब्द तर आहे."

टेलरबाईंनी कागदाकडे पाहिलं. असंच टेबल असेल, असाच कुणीतरी भला माणूस समोर बसला असेल, आणि असाच कागद पुढे सरकवला असेल. 'चुकून' लिहा आणि सुटा. वडिलांनी लिहिलं, कारण पाच घरांचा प्रश्न होता. तो एक शब्द ते मरेपर्यंत वागवत राहिले, वस्तीतून मान खाली घालून गेले, आणि नऊ वर्षांच्या पोरीपलीकडे कुणाला खरं सांगितलं नाही. ते पाचही जण आता हयात नव्हते. कारखाना पाडून तिथे गाड्या लावायला जागा केली होती. आता कुणाला वाचवायचं होतं?

"मला एक सांगा," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "वर कळवाल त्यात काय लिहाल? कशावरचा रंग खरवडला?"

"जे आहे ते. सांगाड्यावरच्या दुसऱ्या खुणेवरचा."

"म्हणजे दुसरी खूण आहे असं तुम्ही लिहिणार."

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "लिहावंच लागेल," ते म्हणाले.

"मग द्या पेन."

"अहो काकू, तुमच्यावर ठपका येईल."

"येऊ द्या. आमच्या घराला सवय आहे. पण 'चुकून' नाही लिहायची मी. आमच्या घरात एकदा खोटंच 'चुकून' लिहून झालंय, ते सत्तावन्न वर्षं पुरलं."

त्यांनी टेबलावर वाकून, गिऱ्हाइकाचं माप लिहितात तशा ठसठशीत अक्षरात लिहिलं. दुसऱ्या खुणेवरचा रंग मी जाणूनबुजून काढला. ही खूण माझ्या वडिलांनी जाणूनबुजून केली होती. माणसांना वेळेवर पोचता यावं म्हणून केली होती. यात चूक कोणाचीही नाही. सही केली आणि सहीखाली कंसात लिहिलं, चारमिनिट यांची मुलगी. शाळेत ज्या नावाने रडवलं तेच नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचून बघितलं. चांगलं दिसत होतं.

सुनेने कागद ओढून घेतला. टेलरबाईंना वाटलं आता ही समजूत घालणार. सासू-सुनेचं एरवी कपबशी कुठे ठेवायची यावरूनही पटत नसे. सुनेने शेवटपर्यंत वाचलं.

"साक्षीदाराची जागा रिकामी आहे," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात जे लिहिलं नाही ते झालंच नाही असं धरतात. वेळ पण टाका, आई." आणि तिने स्वतःच साक्षीदार म्हणून सही केली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, दुपारी बारा वाजून चोपन्न मिनिटं. मग व्यवस्थापकांकडे वळून म्हणाली, "याची एक प्रत आम्हाला. शिक्क्यासकट. पाहणीला माणूस कधी येतोय तेही कळवा, आम्ही सगळे हजर राहू."

"वर्षभर प्रवेश बंद आहे तुम्हाला," व्यवस्थापक म्हणाले.

"त्यांना आहे. मला कुठे आहे?" सून म्हणाली.

प्रत घडी घालून टेलरबाईंनी पर्समध्ये कात्रीशेजारी ठेवली. चौघं बाहेर चौकात आली. ऊन मी म्हणत होतं. नातीने आजीचा हात धरला आणि पणजोबा दिसायला कसे होते, बुटके की उंच, इथपासून सुरुवात केली. टेलरबाई चालता चालता थांबल्या, वळल्या, आणि मान वर करून मनोऱ्याच्या तबकडीकडे सरळ बघत उभ्या राहिल्या.

घड्याळाने एकचा ठोका दिला. मुलाने सवयीने फोन काढून वेळ ताडून पाहिली.

"काय दुरुस्त केलंय पण," तो म्हणाला. "सेकंदालासुद्धा बरोबर आहे."

"बरोबर कसलं?" टेलरबाई म्हणाल्या. "चार मिनिटं मागे आहे."